समुद्राखालची हवा आणि ठणकणारा खांदा

मागच्या हिवाळ्यात एका रात्री अकराच्या सुमारास आम्हाला फोन आला. नंबर परदेशातला. "सिस्टर, जय भीम. ओळखलंत का?" आवाज ओळखीचा निघाला. आमच्याच वस्तीतला, विहारामागच्या गल्लीतला मुलगा. हॉटेलचा कोर्स करून तो मालदीवला एका सफारी बोटीवर स्वयंपाकघरात कामाला लागला आहे. म्हणाला, "उजवा खांदा लय ठणकतोय. दोन गोळ्या घेतल्या, फरक नाही. अजून एक घेऊ का?"

आम्ही नेहमीचे प्रश्न विचारले. पडलास का? जड काही उचललंस का? "सिलिंडर तर रोजच उचलतो, त्याचं काय!" हात हलवल्यावर जास्त दुखतं का? नाही, कसाही ठेवला तरी तेवढंच, आत हाडात दुखतंय. सूज? नाही. मग तो जरा वेळ गप्प राहिला आणि खरं ते बोलला. बोटीवर पाहुणे कमी होते. डायव्हिंग शिकवणाऱ्याशी त्याची दोस्ती. दोन दिवसांत तो त्याच्याबरोबर पाच वेळा समुद्राखाली जाऊन आला होता. त्याने प्राथमिक कोर्स केलेला आहे, पण त्या कोर्सवर १८ मीटरपर्यंतच जायचं असतं. हा शेवटच्या बुडीत २८ मीटरवर गेला, हवा संपत आली म्हणून घाबरून भराभर वर आला. ही दुपारची गोष्ट. खांदा संध्याकाळपासून दुखत होता. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचं सुट्टीवर घरी येण्याचं विमान होतं.

आम्ही त्याला सांगितलं, गोळी राहू दे. आत्ताच्या आत्ता कॅप्टनला उठव, ऑक्सिजन लावायला सांग आणि उद्या विमानात पाय ठेवू नकोस. तो म्हणाला, "सिस्टर, कॅप्टनला कळलं तर नोकरी जाईल."

पुढे काय झालं ते सांगतोच. पण हे पान वाचणाऱ्या बऱ्याच जणांना प्रश्न पडला असेल की खांदा दुखण्याचा आणि विमानाचा संबंध काय. तोच आज समजून घेऊ. कारण आता आपल्या वस्तीतली पोरं जहाजांवर, बेटांवरच्या हॉटेलांत कामाला जातात. मालवणला सहल गेली की "स्कुबा केलं" म्हणून फोटो येतात. जिथे आपली मुलं जातात तिथली माहिती घरात असायला हवी.

मालदीव म्हणजे हिंदी महासागरात उत्तर-दक्षिण आठशेहून जास्त किलोमीटर पसरलेली सुमारे १,२०० लहान लहान बेटं. त्यातल्या दोनशेच्या आसपास बेटांवर गावं आहेत. पोवळ्यांच्या कड्यावर बांगडीसारखी बसलेली ही बेटं, अशा २६ बांगड्या. त्यांची समुद्रापासूनची उंची सरासरी दीड मीटर, म्हणजे आपल्या घराच्या दारापेक्षाही कमी. बेटं इतकी विखुरलेली असल्यामुळे पाहुणे आठवडाभर बोटीवरच राहतात. रोज वेगळ्या जागी नांगर टाकायचा, दिवसातून तीन वेळा पाण्याखाली जायचं. मोठ्या बोटीबरोबर एक धोनी असते. धोनी म्हणजे तिथली पारंपरिक होडी. तिच्यावर हवा भरण्याचं यंत्र आणि सिलिंडरच्या रांगा असतात. दोन बेटांमधल्या खिंडीतून भरती-ओहोटीचं पाणी नदीसारखं धावतं. डायव्हर त्या धारेबरोबर वाहत जातो, धोनी त्याच्या मागावर राहते आणि तो भगव्या रंगाची लांब पिशवी फुगवून वर सोडतो, म्हणजे होडीला दिसावं. ही पिशवी नसेल तर उघड्या समुद्रात माणसाचं डोकं म्हणजे तरंगणारा नारळ. शंभर मीटरवरूनसुद्धा दिसत नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ही बेटं बाराव्या शतकापर्यंत बौद्ध होती. ११५३ साली तिथल्या राजाने धर्म बदलला असं त्यांचा इतिहास सांगतो. त्याआधीची कित्येक शतकं तिथे पोवळ्याच्या दगडाचे स्तूप उभे होते. तिथले लोक त्या टेकाडांना 'हवित्ता' म्हणतात. एच. सी. पी. बेल या इंग्रज अधिकाऱ्याने १९२२ च्या सुमारास गन आणि फुवाहमुला या बेटांवरचे अवशेष पाहून त्यांची नोंद केली. राजधानी माले इथल्या संग्रहालयात बुद्धांचं पोवळ्याच्या दगडातलं मस्तक आणि इतर मूर्ती होत्या. ७ फेब्रुवारी २०१२ रोजी, राजकीय गोंधळाच्या दिवशी, जमावाने आत घुसून त्यातल्या बहुतेक फोडल्या. बोटीवरच्या पाहुण्यांना मासे दाखवतात, हे सांगत नाहीत. आमच्या त्या मुलालाही माहीत नव्हतं.

आता शरीराकडे वळू.

आपण जमिनीवर उभे असतो तेव्हा डोक्यावर हवेचा एक थर असतो आणि त्याचं वजन आपल्यावर असतं. ते आपल्याला जाणवत नाही. पाणी हवेपेक्षा कितीतरी जड. समुद्रात फक्त १० मीटर खाली गेलं की तेवढंच वजन आणखी एकदा पडतं, म्हणजे दाब दुप्पट होतो. २० मीटरवर तिप्पट, ३० मीटरवर चौपट. मालदीवमध्ये हौशी डायव्हरला ३० मीटरपेक्षा खाली जायला कायद्यानेच मनाई आहे.

आपलं शरीर बरंचसं पाण्याचं आहे, ते चेपत नाही. चेपते ती हवा. वेफर्सचं पाकीट घाटावर नेलं की टम्म फुगतं हे तुम्ही पाहिलं असेल. कसारा किंवा खंडाळा चढताना एसटीत कानाला दडे बसतात तेही तेच. पाण्याखाली याच्या उलट होतं, आणि घाटापेक्षा कितीतरी वेगाने. घाट चढायला अर्धा तास लागतो, पाण्यात दहा मीटर जायला अर्धा मिनिट पुरतं. शरीरात हवा असलेल्या जागा म्हणजे कान, नाकाशेजारच्या हाडांतल्या पोकळ्या आणि फुप्फुसं. दुखापत बहुतेक करून इथेच होते.

कानापासून सुरुवात करू, कारण पहिल्यांदा जाणाऱ्याला त्रास तिथेच होतो. पडद्याच्या आतल्या जागेतली हवा आकसते आणि पडदा आत ओढला जातो. उपाय सोपा आहे. नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि हलकेच हवा कानाकडे ढकलायची. हे दुखायला लागण्याआधी करायचं, दर मीटरभर खाली गेल्यावर करायचं. मोकळं होत नसेल तर थोडं वर यायचं. जोर लावला तर पडदा फाटतो, आतल्या कानाला इजा झाली तर ऐकू येणंच कमी होतं. सर्दी असताना कानाकडची नळी सुजलेली असते, म्हणून सर्दीत पाण्याखाली जायचंच नाही. सर्दीची गोळी घेऊन जाणारे आहेत. खाली असताना गोळीचा असर उतरला तर वर येताना हवा अडकते, तेव्हा काय करणार?

फुप्फुसांचं जास्त गंभीर आहे. पाठीवरच्या नळकांड्याला सगळे ऑक्सिजनचा सिलिंडर म्हणतात. तो ऑक्सिजनचा नसतो. त्यात आपण श्वास घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते, ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली विषासारखा ठरू शकतो, माणसाला झटके येऊ शकतात. तर दहा मीटरवर या नळीतून छातीभर श्वास घेतला आणि तो रोखून माणूस वर आला, तर ती हवा पसरून दुप्पट होते. छाती तर तेवढीच. फुप्फुस फाटतं, हवेचे बुडबुडे रक्तात जातात, तिथून मेंदूत. पाण्याबाहेर आल्यावर मिनिटाभरात माणूस बेशुद्ध पडतो किंवा एक बाजू लुळी पडते. हे पोहण्याच्या टाकीतसुद्धा होऊ शकतं. म्हणून सिलिंडर लावलेल्या माणसाला पहिला आणि शेवटचा नियम एकच असतो: श्वास रोखायचा नाही. काही झालं, घाबरलात, तोंडातून नळी निसटली, तरी वर येताना हळूहळू हवा सोडत राहायचं. घाबरलेला माणूस नेमका उलटं करतो, म्हणूनच शिकवणाऱ्याने आधी उथळ पाण्यात सराव घ्यायला हवा.

जाता जाता वस्तीतल्या पोरांसाठी एक. विहिरीत, नदीत कोण जास्त वेळ बुडून राहतो अशी पैज लागते. सिलिंडर नसतो, तरी धोका असतो, फक्त वेगळा. बुडी मारण्याआधी दहा-पंधरा वेळा जोरजोरात श्वास घेतला की जास्त वेळ टिकता येतं असं पोरांना वाटतं. टिकता येतं, कारण रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झालेला असतो आणि श्वास घ्यायची निकड त्यामुळेच वाटत असते. निकड वाटेपर्यंत ऑक्सिजन संपतो आणि पोरगा पाण्यातच शुद्ध हरपतो. हात-पाय मारत नाही, ओरडत नाही. काठावरच्यांना वाटतं, भारी टिकलाय.

आता त्या खांद्याकडे. श्वासातला ऑक्सिजन शरीर वापरतं, नायट्रोजन वापरत नाही. जमिनीवर त्याने काही बिघडत नाही. पण पाण्याखाली दाब वाढला की हा नायट्रोजन रक्तात, चरबीत, सांध्यांत विरघळायला लागतो. जितकं खोल आणि जितका जास्त वेळ, तितका जास्त साठतो. सोड्याच्या बाटलीचं झाकण बंद असतं तेव्हा आतला गॅस दिसत नाही. झाकण हळू सैल केलं तर फुसफुस करत निघून जातो. एकदम उघडलं तर फेस. माणूस हळू वर आला तर नायट्रोजन फुप्फुसांवाटे निघून जातो. भराभर आला तर अंगातच बुडबुडे धरतात.

म्हणून मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेगाने वर यायचं नाही आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. मनगटावर घड्याळासारखं यंत्र असतं, ते खोली आणि वेळ मोजून किती साठलं याचा हिशेब ठेवतं. एका बुडीत साठलेला नायट्रोजन पुढच्या बुडीआधी पूर्ण गेलेला नसतो, म्हणून दिवसाला तीन-तीन बुड्या, त्याही रोज, हा हिशेब वाढवत जातात. पाहुणा आठवडाभर हे करतो आणि घरी जातो. डायव्हिंगचं काम करणारा माणूस हे हंगामभर करतो.

हा आजार ओळखला कसा गेला, ते आपल्या वाचकांनी मुद्दाम जाणून घ्यावं. तो श्रीमंतांच्या हौसेतून कळलेला नाही. एकोणिसाव्या शतकात नद्यांवर मोठे पूल बांधताना तळाशी पाया खणण्यासाठी लोखंडी-लाकडी पेट्या उतरवत आणि पाणी आत येऊ नये म्हणून त्यांत दाबाची हवा भरत. मजूर त्यात उतरून माती उपसत. पाळी संपली की वर येत आणि तासाभराने सांधे धरून वाकत, काहींचे पाय जात, काही मरत. अमेरिकेत सेंट लुईसचा पूल १८७४ साली पुरा झाला, न्यू यॉर्कचा ब्रुकलिन पूल १८८३ साली खुला झाला. दोन्हीकडे असंच झालं. ब्रुकलिनचा मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः या आजाराने अंथरुणाला खिळला, म्हणून त्याचं नाव पुस्तकांत आहे. खणणाऱ्यांची नावं शोधावी लागतात. फ्रान्सच्या पॉल बेर यांनी १८७८ साली दाखवून दिलं की दोष नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा आहे. ब्रिटनच्या हॉल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ साली, टप्प्याटप्प्याने वर कसं यायचं याची कोष्टकं छापली. आज मनगटावरचं यंत्र जो हिशेब करतं त्याचं मूळ तिथे आहे. आपल्याकडे गटारात उतरणाऱ्या माणसाला मारतो तो वेगळा गॅस आणि वेगळी कारणं. पण मजूर वर आल्यावर मरतो तेव्हा त्याने दारू घेतली असेल असं म्हणायची पद्धत तेव्हाही होती, आजही आहे. २०१३ चा कायदा होऊनही आपण काय पाहतो ते सगळ्यांना माहीत आहे.

लक्षणं कशी ओळखायची? सांध्यात खोल ठणका, बहुतेक वेळा खांदा किंवा कोपर. अंगाला खाज, कातडीवर संगमरवरासारखे निळे-लाल डाग. न झेपणारा थकवा. हे त्यातल्या त्यात सौम्य. हाता-पायाला मुंग्या, बधिरपणा, पायात ताकद नसणं, लघवी न होणं, चक्कर, बोलताना अडखळणं, छातीत दुखून धाप लागणं ही धोक्याची. बहुतेकांना पहिल्या काही तासांतच त्रास सुरू होतो, जवळजवळ सगळ्यांना चोवीस तासांच्या आत. त्यामुळे डायव्हिंग केल्यानंतरच्या एका दिवसात काहीही नवीन दुखलं, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते याचंच समजायचं. "मुरगळलं असेल," "गार वारा लागला असेल," "जागरणाने झालं" असं माणूस स्वतःला समजावत राहतो. आम्ही वॉर्डात हार्ट अटॅकचे पेशंट असेच अ‍ॅसिडिटी म्हणत येताना पाहिले आहेत.

आणि विमान? विमान उंच गेलं की आतली हवा विरळ होते. आत दाब ठेवलेला असतो, तरी तो साधारण २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावा एवढाच. म्हणजे अर्ध्या उघडलेल्या सोड्याच्या बाटलीचं झाकण आणखी सैल केल्यासारखं. एकच साधी बुडी मारली असेल तर किमान १२ तास, आणि बऱ्याच बुड्या किंवा लागोपाठ दिवस असतील तर किमान १८ तास विमानात बसायचं नाही असा नियम आहे. शहाणे लोक २४ धरतात. हे ज्याला काही त्रास नाही त्याच्यासाठी. त्रास सुरू झालेल्या माणसाने डॉक्टरने सांगेपर्यंत विमानात बसायचंच नाही.

विमानाचा नियम घाटालाही लागू होतो. मालवणला उथळ पाण्यात, शिक्षकाचा हात धरून पंधरा-वीस मिनिटं जाऊन आलात तर काळजीचं कारण जवळजवळ नाही. पण कोणी तिथे पूर्ण कोर्स केला, दिवसात दोन-तीन खोल बुड्या मारल्या आणि संध्याकाळी आंबोलीमार्गे कोल्हापूरची गाडी पकडली, तर तो सातशेएक मीटर चढणार आहे. त्याने निघण्याआधी शिक्षकाला विचारावं.

कोणी जाऊ नये? गरोदर बाईने नाही. मिरगी असलेल्याने नाही. दम्याचा झटका येतो, हृदयाचा आजार आहे, फुप्फुसाचं ऑपरेशन झालंय, टीबीने फुप्फुसावर डाग राहिलेत, कानाचा पडदा फाटलेला आहे, इन्सुलिन चालू आहे, अशांनी डॉक्टरच्या लेखी परवानगीशिवाय नाही. वस्तीत टीबी होऊन गेलेले किती आहेत हे आम्हाला माहीत आहे. औषधं पूर्ण करून बरे झालेलेही फुप्फुसाचा फोटो दाखवल्याशिवाय जाऊ नयेत, कारण खराब झालेल्या भागात हवा अडकू शकते.

सिकलसेलबद्दल थोडं जास्त. विदर्भातल्या आपल्या बौद्ध समाजात हा आजार बराच आहे आणि नोकरीसाठी तिकडची मुलं आता सगळीकडे जातात. ज्याला सिकलसेलचा आजार आहे त्याने डायव्हिंग करू नये. पाणी कमी पडणं, थंडी, थकवा, ऑक्सिजन कमी होणं, यातल्या कशानेही पेशी विळ्यासारख्या होऊन वेदना उठतात, आणि समुद्रात हे सगळं एकदम भेटतं. शिवाय दोन्हीत सांधेच दुखतात. पाण्यातून आल्यावर खांदा दुखला तर सिकलसेलचं आहे की बुडबुड्यांचं, हे बोटीवरचा कोणीही सांगू शकणार नाही. जो फक्त वाहक आहे त्याने डॉक्टरला आपलं कार्ड दाखवून विचारावं. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. आपलं काय आहे हे माहीत नसलेल्याने लग्नासाठी नाहीतरी तपासायचंच आहे, आधी तपासून घ्या.

हे सगळं एका फॉर्मवर विचारलेलं असतं. फॉर्म इंग्रजीत असतो, सही घाईत घेतात, बाजूचा कोणीतरी म्हणतो, सगळ्यावर 'नाही' लिही, नाहीतर घेणार नाहीत. गेल्या वर्षी महिला मंडळाच्या सहलीत एका भगिनीने दम्याचा पंप पर्समध्ये ठेवून फॉर्मवर 'नाही' लिहिलं होतं. आम्हाला नंतर बसमध्ये कळलं. आम्ही रागावलो तर म्हणाल्या, पैसे भरले होते ना. फॉर्म वाचून दाखवा, मराठीत समजावून सांगा असं म्हणण्यात कमीपणा नाही. जो वाचून दाखवायला तयार नाही त्याच्याबरोबर पाण्यात जाऊ नका.

काही झालंच तर काय करायचं? माणसाला आडवं झोपवायचं. शंभर टक्के ऑक्सिजन घट्ट मास्कने लावायचा, लगेच, आणि मध्ये बंद न करता. प्रत्येक सफारी बोटीवर ऑक्सिजन असायला हवा. नोकरीवर रुजू होणाऱ्याने पहिल्याच दिवशी तो कुठे ठेवलाय आणि भरलेला आहे का ते पाहून घ्यावं. शुद्धीत असेल, उलटी नसेल तर पाणी थोडं थोडं पाजायचं. दारू नाही. पुन्हा पाण्यात खाली नेऊन "जिरवायचं" नाही, त्याने माणसं मेली आहेत. मग दाबाची खोली असलेल्या ठिकाणी पोहोचवायचं. लोखंडी मोठ्या टाकीसारखी ही खोली असते. आत माणसाला झोपवून पाण्याखाली १८ मीटरवर असावा तेवढा दाब देतात, ऑक्सिजनवर ठेवतात आणि जवळजवळ पाच तास घेऊन सावकाश दाब उतरवतात. आपल्याकडे मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात आणि पोर्ट ब्लेअरला नौदलाच्या धन्वंतरी रुग्णालयात हे ज्ञान असलेले डॉक्टर आहेत. मालदीवमध्ये मोजक्याच बेटांवर अशी खोली आहे आणि उपचार महाग आहेत. साध्या प्रवास विम्यात डायव्हिंग बहुतेक वेळा धरलेलं नसतं.

इतर दुखापतींचं थोडक्यात. पोवळ्याने कापलं तर स्वच्छ पाण्याने आणि साबणाने नीट धुवा, कण काढा, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं नसेल तर घ्या. समुद्रात ही जखम लवकर चिघळते. दगडमासा किंवा काटेरी माशाचा काटा लागला तर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात हात-पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. भाजेल एवढं गरम नको, दुसऱ्याने हात घालून पाहावं. बोट लागते म्हणून उलटीची गोळी घेतली असेल तर त्याने झोप येते, त्या दिवशी पाण्याखाली जाऊ नये.

आणि लाइफ जॅकेट. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कुबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. खोल पाण्याची भीती सगळ्यांना असते, पण बोटीतून जाता-येतानाचा प्रवास कोणी मोजत नाही. आपल्यात पोहता येणारे कमी. येणार कसे? ज्यांना तळ्याला हात लावायला १९२७ साली महाडला मोर्चा काढावा लागला, त्यांच्या आज्या-पणज्यांना पोहायला कोणी शिकवलं असतं? महानगरपालिकेच्या तलावात मुलींना सकाळची बॅच असते. आमच्या वस्तीतल्या अकरा मुली आता जातात. आधी पोहणं शिका, स्कुबा नंतर.

आता त्या रात्रीचं. आम्ही मुलाला म्हटलं, फोन कॅप्टनकडे दे, नाहीतर आम्ही तुझ्या आईला उठवतो. त्याने दिला. कॅप्टन मालदीवचाच, मोडक्या हिंदीत बोलला, पण काम समजणारा माणूस होता. रागावला नाही. दहा मिनिटांत ऑक्सिजन लागला. तासाभराने मुलाचा मेसेज आला, "सिस्टर दुखणं गेलं, आता विमान चालेल ना?" इथेच माणसं फसतात. ऑक्सिजनने ठणका कमी होतो, बुडबुडे असतातच. आम्ही पुन्हा फोन लावला. पहाटे स्पीडबोटीने त्याला नेलं. दाबाच्या खोलीत पाच तास, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस तो बेटावरच थांबला आणि मगच विमानात बसला.

बिलावरून कंपनीने बरेच दिवस चालढकल केली. पाहुण्यांबरोबर काम म्हणून गेला की मजा म्हणून गेला, हा त्यांचा सवाल. करारात डायव्हिंगचा उल्लेखच नव्हता. शेवटी निम्मं त्याच्या पगारातून कापलं. या हंगामात जाण्याआधी तो करार घेऊन आमच्याकडे आला. तिघी-चौघींनी बसून प्रत्येक ओळ वाचली. विम्याच्या रकान्यात काय लिहायचं ते त्याने कंपनीला ईमेलने विचारलं आहे. उत्तर येईपर्यंत त्याने सही केलेली नाही.